मालक विरुद्ध टीव्ही

जगात कुठलीही गोष्ट आपोआप होता कामा नये, या हट्टावर सत्तरी गाठलेला आमच्या घरमालकांसारखा दुसरा माणूस सोलापुरात नाही, आणि सोलापुरात नाही म्हणजे बाकी पृथ्वीवर शोधत बसायचं कारण नाही. ज्या वस्तूला स्वतःचं डोकं असतं ती वस्तू माणसाचं डोकं खाते, असं त्यांचं सरळ गणित. त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं तेव्हा सगळ्या पेठेत आकडे दाखवणारे काटे आले, पण मालकांच्या दुकानात दोन पारड्यांचा तराजू शेवटपर्यंत लोंबकळत राहिला. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "आकडा काटा सांगतोय, पण तोललं कुणी?" त्यांच्या स्कूटरला बटण आहे, तरी ते किकच मारतात, कारण बटणानं चालू झालेली गाडी पुढं उतमात करते, असं त्यांचं म्हणणं. पाणी येण्याच्या दिवशी टाकी भरली की तरंगत वर येऊन नळ बंद करणारा गोळा सगळ्या गल्लीच्या टाक्यांत आहे. मालकांनी तो काढून भंगारात दिला. पाणी आलं की ते स्वतः गच्चीवर टाकीत हात सोडून उभे असतात. पाणी कोपराला लागलं की वरून "बंद!" अशी आरोळी येते आणि खाली त्यांची बायको मोटारीचं बटण दाबते. एकदा मी त्यांना सात रस्ता चौकाजवळच्या एका कापडाच्या दुकानात घेऊन गेले. आम्ही पायरीवर येताच तिथलं काचेचं दार सरकलं. मालक मागं झाले, दार मिटलं. मालक पुढं झाले, दार उघडलं. मालक परत मागं. आतला वॉचमन हात जोडून म्हणाला, "काका, या की आत." मालक म्हणाले, "मी हात लावल्यावर उघडू दे त्याला, मग येतो." शेवटी आम्ही बिजागरीच्या दाराचं दुकान शोधून साडी घेतली.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. माळशिरस तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी चढले, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, आणि त्याचा मला अभिमान आहे. पदवीचा कागद मी काचेच्या चौकटीत घालून भिंतीला लावलाय. लोक देवाचे फोटो लावतात तसा. खोली बघायला आले त्या दिवशी मालकांनी नाव-गाव-जात काही न विचारता, "शिक्षण काय?" एवढंच विचारलं, आणि उत्तर ऐकल्यापासून मला ग्रॅज्युएटबाई हे नाव पडलं. पहिल्यांदा मला वाटलं टोमणा आहे. मग कळलं की त्यांच्या लेखी ही हुद्द्याची गोष्ट आहे, फौजदार किंवा तलाठी असावा तशी. त्यामुळं कुकरची शिटी वाजेना, मोबाईलवर भलती अक्षरं उमटू लागली, मांजर आजारी पडलं, काहीही झालं तरी जिन्याखालून हाक येते, "ओ ग्रॅज्युएटबाई, खाली या जरा. डिग्रीचं काम हाय."

मालकांच्या बायकोला सगळी गल्ली अव्वा म्हणते. अव्वा म्हणजे कानडीत आई. दोघं आपसात कानडीत बोलतात, भांडताना मराठीत येतात, म्हणजे गल्लीलाही कळावं. अव्वाचे गुडघे गेलेत, त्यामुळं तिचं बाहेर जाणं संपलं. जग तिच्याकडं येतं ते संध्याकाळी सातला, लेकीनं पाठवलेल्या मोठ्या एलईडी टीव्हीतून. सातची मालिका ती बघते असं म्हणणं कमी आहे. ती त्या घरात राहते. त्या सासूला ती "मेले" म्हणून हाक मारते, सुनेला जेवलीस का विचारते. आणि तोच टीव्ही गेल्या दसऱ्यानंतर अंधारायला लागला. चालू केला की क्षणभर लख्ख, आणि मग कुणीतरी कंदिलाची वात खाली करावी तसा हळूहळू मंद. दुसऱ्या कुठल्या घरात हे साधं दुखणं झालं असतं. इथं नाही झालं, कारण अव्वाच्या आईची नजर म्हातारपणी गेली होती. अक्कलकोटच्या बाजूच्या गावात ती भिंतीला तळहात लावून परसात जायची, आणि त्या भिंतीवर कमरेच्या उंचीला तेलकट पट्टा उठला होता. तो पट्टा अव्वाच्या डोक्यातून कधी गेला नाही. टीव्ही पहिल्यांदा मंद झाला त्या संध्याकाळी तिनं पदर तोंडाला लावून हळूच विचारलं, "ओ, टीव्ही अंधारलाय का मी?"

"टीव्ही!" मालक एवढ्यानं ओरडले की मी वरून खाली आले. "तुझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? टीव्हीच हाय. मी सिद्ध करून दाखवतो."

आणि त्या दिवसापासून मालकांनी टीव्हीवर खटला भरला.

पहिला पुरावा म्हणून त्यांनी खोलीतला बल्ब बदलला. मग ट्यूब लावली. मग दुसऱ्या भिंतीला आणखी एक ट्यूब. खोलीत इतका उजेड झाला की गल्लीतली पोरं आमच्या ओट्यावर अभ्यासाला बसू लागली, आणि टीव्ही तसाच तोंड पाडून. रिमोटही बिघडला असं त्यांनी जाहीर केलं, कारण तो पलंगावरून चालत नव्हता, टीव्हीच्या पुढ्यात जाऊन दाबला तरच ऐकायचा. मालकांनी सेल बदलले, रिमोट मांडीवर आपटला, उन्हात ठेवला, आणि एका संध्याकाळी हाक आलीच. "ओ ग्रॅज्युएटबाई!"

मी टीव्हीबरोबर आलेली पुस्तिका मागितली. मालकांनी ती धान्याच्या पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढता ठेवली होती. वस्तूनं आपल्याला शिकवायचं हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यात लिहिलं होतं की टीव्हीच्या खालच्या पट्टीच्या मधोमध एक बारीक काळी काच असते, रिमोटचा इशारा ती घेते आणि खोलीत उजेड किती आहे तेही तीच बघते. मी उकिडवी बसले. काळी काच दिसेना. तिच्या जागी पांढऱ्या रंगाच्या तीन जाड रेघा होत्या.

"मालक, इथं काय लावलंय?"

"विभूती."

विभूती लावायचीच, कारण खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात. मालक घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांना ओल्या विभूतीची तीन बोटं ओढतात. मिक्सर, मोटार, स्कूटर, फ्रिज, सगळे त्या दिवशी कपाळ माखून बसलेले. यंत्रावर तिळमात्र विश्वास नसलेला माणूस वर्षातून एकदा यंत्राची पूजा कशी करतो, असं मी मागं विचारलं होतं. ते म्हणाले, "विश्वास न्हाय म्हणून तर करतो. देवाचा तरी धाक राहू दे." तर त्या दसऱ्याला टीव्ही घरात नवा. त्याचं कपाळ कुठं ते ठरेना, म्हणून मालकांनी बरोब्बर मधली जागा धरली होती.

"तुम्ही त्याच्या डोळ्यावर विभूती लावलीय," मी म्हणाले. "त्याला वाटतंय खोलीत काळोख आहे. काळोखात माणसाच्या डोळ्याला त्रास नको म्हणून तो आपला उजेड कमी करतोय."

मालकांनी आधी टीव्हीकडं बघितलं, मग त्या दोन ट्यूबांकडं. "ह्याला कुणी सांगितलं आमच्या डोळ्याची काळजी करायला?"

पण विभूती पुसायची कशी, हा पेच उभा राहिला. देवाचं लावलेलं आपल्या हातानं पुसायचं? मालक हातात ओला पंचा घेऊन अडून राहिले. पलंगावरून अव्वा म्हणाली, "देव काय त्या काचेवर मांडी घालून बसलाय व्हय? पुसा की! सासूनं विष कालवलं का न्हाय तेवढं बघू द्या मला." मालकांनी टीव्हीच्या वरच्या कडेला नवीन विभूती लावली, मग खालची पुसली आणि दोन्ही हात जोडले. ते देवाला होते का टीव्हीला, मला आजही ठाऊक नाही. काच उघडी झाली आणि पडदा असा उजळला की अव्वानं डोळ्यांवर हात धरला. रिमोट पलंगावरून चालू लागला. मी पुढं जाऊन उजेड मोजण्याचा तो उद्योगच मेनूतून बंद करून टाकला. त्या रात्रीच्या जेवणाला मला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाली बोलावून वाढली गेली, आणि मालक गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "टीव्हीच होता. सापडला."

हा आनंद सुनेला गोदामात कोंडेपर्यंत टिकला.

गोदामात अंधार होता, मालिकेतला. तो आला तसा टीव्ही परत मंद. सून बाहेर उन्हात आली की टीव्ही लख्ख. अव्वाचा प्रश्न परत तिच्या ओठावर आलेला मी बघितला, पण या वेळी तिनं तो गिळला. मालकांनी मात्र ऐकलाच. त्यांनी मेकॅनिक बोलावला. तो चांगला पोरगा होता. त्यानं मागची पाटी न उघडताच सांगितलं, "काका, हा बिघाड नाही. हे फीचर आहे."

"फीचर म्हंजे?"

"म्हणजे कंपनीनं मुद्दाम दिलेलं."

"मुद्दाम?" मालक उठून उभे राहिले.

"अंधाराचा सीन आला की मागचा दिवा कमी होतो. काळं जास्त काळं दिसावं म्हणून."

"काळं बघायला टीव्ही लावला व्हय आमी? काळं बघायचं तर बंद करून बघू की!"

मेकॅनिक चहा पिऊन गेला. जाताना एवढं बोलला की हे मेनूत कुठंतरी बंद करता येतं, फक्त प्रत्येक टीव्हीत त्याचं नाव वेगळं असतं. एवढा धागा मालकांना पुरे होता. पुढच्या कितीतरी संध्याकाळी मी ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आत खाली बसायचं, मी मेनूतली नावं वाचायची आणि मालकांनी निकाल द्यायचा, असा आमचा दरबार भरू लागला.

"स्मार्ट पिक्चर."

"बंद करा."

"अ‍ॅडॅप्टिव्ह. म्हणजे परिस्थिती बघून आपलं धोरण बदलणारं."

"पुढाऱ्यावानी? बंद करा."

"इको. म्हणजे वीज वाचवणारं."

इथं मालक थांबले. आयुष्यभर दुकान केलेला माणूस, पोत्यातून सांडलेला दाणाही वेचणारा. "वीज वाचतीय व्हय?" म्हणत त्यांनी एकदा मीटरच्या दिशेनं बघितलं, एकदा अव्वाकडं. ती पलंगावर पाय चोळत बसली होती. "बंद करा," ते म्हणाले, पण जरा हळू.

सगळ्यात खाली, तीन दारं उघडून आत गेल्यावर लोकल डिमिंग नावाचं एक बटण निघालं. मी अर्थ सांगितला, पडद्याचा जो भाग काळा असेल तेवढ्यापुरता मागचा दिवा कमी करणं. मालक म्हणाले, "लोकल? म्हंजे आपल्या गल्लीतलाच चोर निघाला की." ते बंद केलं. गोदामातली सून उजळली. काळोख राखाडी झाला, भिंतीवरचे डाग दिसू लागले, आणि टीव्ही बनवणाऱ्यांनी ज्याच्यासाठी एवढी अक्कल खर्च केली ती सगळी शोभा गेली. मालक खूश. त्यांनी पेढे आणले. समोरच्या चादरवाल्यांनी विचारलं, "काय मालक, टीव्हीला पोरगं झालं का?" तर म्हणाले, "निकाल लागला. आमच्या बाजूनं."

अव्वानं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "आता झकास दिसतंय."

रोज म्हणायची. मालकांनी विचारायच्या आधीच म्हणायची. मला ते थोडं खटकत होतं, कारण हल्ली तिचा कप टेबलाच्या कडेवरून खाली जायचा, आणि दारातून आत येताना तिचा खांदा चौकटीला लागायचा. मी म्हटलंही एकदा. ती म्हणाली, "गुडघ्यामुळं गं." गुडघ्याचा आणि खांद्याचा काय संबंध, हे फिजिक्सला धरून नव्हतं. पण पेढे नुकतेच वाटून झाले होते.

मग ती संध्याकाळ आली. मालिकेत नवरा-बायको मधोमध बसून बोलत होते आणि सासू पडद्याच्या अगदी उजव्या टोकाला दाराआड उभी राहून ऐकत होती. मालकांना हसू आवरेना. "बघ, बघ कशी कान लावून उभी राहिलीय!"

"कोण?" अव्वा म्हणाली.

"सासू! दुसरं कोण?"

"कुटंय?"

"ती काय दाराजवळ. एवढी ढळढळीत!"

अव्वानं मान वळवली, आणि वळवता वळवता ती एका जागी अडली. "अगंबाई, तितं दार हाय व्हय?"

टीव्ही लख्ख होता. दोन्ही ट्यूब चालू होत्या. मालकांनी रिमोट उचलला, मेनू उघडला, आता त्यांना वाट पाठ झाली होती. एकेक दार उघडून त्यांनी बघितलं. सगळं बंद होतं. जसं आम्ही ठेवलं होतं तसंच. मग रिमोट त्यांनी मांडीवर ठेवला. पडद्यावर सासू अजून ऐकतच होती.

"साकु बिडु," अव्वा म्हणाली. पुरे, सोडा, असा त्याचा अर्थ, एवढं कानडी मला येतं. मालक त्यावर जे बोलले ते मला कळलं नाही. ते बराच वेळ बोलले, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "उद्या सुट्टी काढा ग्रॅज्युएटबाई. डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय."

"टीव्हीचंच असंल ओ कायतरी," अव्वा म्हणाली.

"न्हाय. टीव्ही निर्दोष हाय."

ते वाक्य उच्चारायला त्यांना किती जड गेलं असेल ते मी त्यांच्या तोंडावर बघितलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सकाळी अडवलंच. वयोमानानं होतंय, सवय होईल आपोआप, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आपोआप हा शब्द त्या दिवशी त्यांच्यापुढं उच्चारायला नको होता. मालकांनी सरळ रिक्षाला हात केला.

डॉक्टरीणबाईंनी अव्वाची हनुवटी यंत्रावर ठेवली, बारीक दिवे लावले, दिसला की बटण दाबायला सांगितलं. मधले दिवे तिनं पटापट टिपले. कडेचे लागून विझून गेले तरी तिचं बोट हललं नाही. मालक सगळं मागून बघत होते. काचबिंदू, असं निघालं. नजर कडेकडेनं विझत आत येते, दुखत नाही, कळतही नाही.

"म्हंजे हे आपोआप झालं?" मालकांनी विचारलं.

"हो काका. आपोआपच होतं."

"आणि बंद कुटनं करायचं?"

डॉक्टरीणबाई कोऱ्या चेहऱ्याच्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "बंद करायचं बटण नाही. गेलं ते येणार नाही. पण जे आहे ते थोपवून धरता येतं. डोळ्यांत थेंब घालायचे, रोज, जन्मभर, एक दिवसही न चुकता. आणि तपासायला येत राहायचं."

"थेंब हातानं घालायचे?"

"हातानंच."

"हातानं असंल तर जमतंय," मालक म्हणाले, आणि बाटली खिशात ठेवली.

जमतंय म्हणजे काय ते मी रोज बघते. टाकीत हात घालून उभा राहणारा माणूस आहे तो. थेंबाच्या वेळेला गल्लीत लग्नाची वरात असो नाहीतर घरात पाहुणे, मालक हात धुऊन येतात, अव्वाची मान मागं करतात, आणि तिनं "झालं का?" म्हटलं की म्हणतात, "गप बस. तोलायला वेळ लागतोय." फोनवर आठवणीची घंटा लावून देते म्हटलं, तर माझ्याकडं असं बघितलं की मी जिना चढून वर आले. शेवटच्या तपासणीला नजर होती तिथंच होती. थांबलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा. मालकांनी या वेळी पेढे वाटले नाहीत. पेढ्यांवरचा त्यांचा विश्वास उडालाय.

सातची मालिका चालूच आहे. आता मालक टीव्हीकडं तोंड करून, अव्वाच्या पलंगाला टेकून खाली बसतात, आणि वरच्या खोलीत मला सगळं ऐकू येतं. "डावीकडनं सासू आली. हातात दुधाचा पेला हाय. उजवीकडं जिन्यात दीर उभा." अव्वा म्हणते, "मधी सून रडतीय, डोळं सुजलंत तिचं." मालक म्हणतात, "ते तू बघ. कडेचं मी बघतो." मालिका दोघांत वाटून घेतलीय. मधे मधे भांडणंही होतात, कारण मालक सासूची बाजू घेऊन सांगतात असा अव्वाचा संशय आहे.

परवा ऑफिसातून आले आणि त्यांच्या दारात थांबले. काही काम नव्हतं. टीव्ही लख्ख चालू होता. मालकांनी मान न वळवता अव्वाला सांगितलं, "डावीकडनं ग्रॅज्युएटबाई आल्या. दमलेल्या दिसत्यात."

अव्वानं मान वळवली, सगळी, खांद्यासकट, मी सापडेपर्यंत. सापडले तशी हसली. म्हणाली, "तितं नको उभी राहू. हितं मधी येऊन बस, म्हंजे दिसशील."

"मधे बसले तर टीव्ही झाकला जाईल की अव्वा."

"जाऊ दे," ती म्हणाली. मालकांनी पाय आवरून मला जागा करून दिली.